पेनिसिलिनची चिठ्ठी हातात आली की: सीमाभागातल्या घरांसाठी

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या माणसाचं दुखणं एका गावात मावत नाही. ताप आला की आधी गल्लीतला डॉक्टर. उतरला नाही की बेळगावचं सिव्हिल, नाहीतर केएलईचं हॉस्पिटल. कोल्हापुरात पाहुणे असले की तिथलं सीपीआर सरकारी हॉस्पिटल, त्यांनी सुचवलं तर मिरज. जांबोटी-कणकुंबीकडच्यांना चोर्ला घाट उतरून गोव्यातलं बांबोळीचं हॉस्पिटल जवळचं वाटतं. दोन-तीन राज्यांतल्या डॉक्टरांकडे आपले कागद पडलेले असतात आणि यातल्या कुणालाच आपली पूर्ण कहाणी ठाऊक नसते. बहुतेक औषधांच्या बाबतीत हे खपून जातं. पेनिसिलिनच्या बाबतीत खपत नाही, कारण 'तुला हे औषध मागे बाधलं होतं का' या एका प्रश्नाच्या उत्तरावर इथे फार काही अवलंबून असतं, आणि ते उत्तर तुम्ही सोबत नेलं नाही तर दुसऱ्या कुणाकडेही नसतं.

मी बसतो मेडिकलच्या काउंटरमागे. घरातली औषधं सांभाळायची जबाबदारी ज्यांच्यावर नव्याने आली आहे, म्हणजे पहिल्यांदा आईबाप झालेले, म्हाताऱ्या सासू-सासऱ्यांच्या गोळ्या बघणाऱ्या सुना, चंदगड-गडहिंग्लजकडून लग्न होऊन इकडे आलेल्या आणि कन्नडला अजून बिचकणाऱ्या मुली, त्यांच्यासाठी हे लिहिलं आहे. डोस किती, कुठलं औषध, हे डॉक्टरच ठरवणार. त्याच्या आधी आणि नंतर घरच्यांनी काय करायचं, एवढंच मी सांगणार आहे.

आधी ओळख पटवा

चिठ्ठीवर 'पेनिसिलिन' असं सरळ लिहिलेलं क्वचितच सापडेल. हे एक कुटुंब आहे आणि त्यातली माणसं वेगवेगळ्या नावांनी फिरतात. ॲमॉक्सिसिलिन हे सगळ्यांत जास्त दिसणारं. मॉक्स, नोव्हामॉक्स ही त्याचीच दुकानातली नावं. त्यात क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिड (काही जिवाणू पेनिसिलिन निकामी करतात, ते रोखणारं) मिसळलं की ऑगमेंटिन, क्लॅव्हम, मॉक्सिकाइंड-सीव्ही. ॲम्पिसिलिन, क्लॉक्सासिलिन, डायक्लॉक्सासिलिन हीही त्याच घरातली. इंजेक्शनमध्ये बेन्झाइल पेनिसिलिन, बेन्झाथिन पेनिसिलिन (पेनिड्युअर या नावाने जुन्या लोकांना माहीत असलेलं) आणि हॉस्पिटलात ॲडमिट असताना सलाइनमधून मिळणारं पिपरासिलिन. सोपी खूण अशी की स्ट्रिपवर ब्रँडच्या खाली बारीक अक्षरात जे मूळ नाव असतं, त्याचा शेवट 'सिलिन'ने होतो. ब्रँड दर कंपनीचा वेगळा. बेळगावात एक मिळेल, चंदगडात दुसरा. म्हणून बारीक अक्षरातलं नाव वाचायची सवय लावून घ्या; चष्मा लागत असेल तर मोबाइलने फोटो काढून मोठा करून बघा.

हे औषध करतं काय? जिवाणूला स्वतःभोवती भिंत बांधावी लागते, पेनिसिलिन ते बांधकामच अडवतं. भिंत अर्धवट राहिली की जिवाणू फुटून मरतो. माणसाच्या पेशीला असली भिंतच नसते, म्हणून हे औषध आपल्याला एरवी फारसा त्रास देत नाही. विषाणूलाही ती भिंत नसते. सर्दी, फ्लू, डेंग्यू, चिकुनगुन्या, दोडामार्ग-सत्तरीच्या जंगलपट्टीत ऐकू येणारा माकडताप, हे सगळे विषाणूंचे आजार. त्यांच्यावर पेनिसिलिनच्या दहा स्ट्रिपा संपवल्या तरी उपयोग शून्य. घसा दुखण्याचंही तसंच, बहुतेक वेळा तो विषाणूच असतो. 'डॉक्टरनं नुसती पॅरासिटामॉल दिली, स्ट्राँग काय दिलंच नाही' अशी तक्रार काउंटरवर रोज ऐकतो. ज्यानं दिलं नाही तो डॉक्टर बहुधा बरोबर असतो.

डॉक्टरपुढे बसल्यावर काय सांगायचं

इथे सगळ्यांत जास्त वेळ घालवा.

आपल्याकडे कुठलंही औषध बाधलं की 'गरम पडलं' म्हणतात. जुलाब झाले, गरम पडलं. तोंड आलं, गरम पडलं. अंगभर गांध्या उठल्या तरी गरमच पडलं. डॉक्टरला या शब्दातून काहीही कळत नाही, कारण यातल्या एका प्रकारात तेच औषध बिनघोर पुन्हा देता येतं आणि दुसऱ्या प्रकारात जीव जाऊ शकतो. म्हणून नेमकं सांगा: औषध कुठलं होतं, कशासाठी होतं, घेतल्यावर किती वेळाने काय झालं, आणि ते थांबवण्यासाठी काय करावं लागलं.

मळमळ, पोट बिघडणं, जुलाब हे त्रास झाले. त्यांना ॲलर्जी म्हणत नाहीत. औषध घेतल्यापासून तासाभरात अंगावर खाजणाऱ्या गांध्या येणं, ओठ-पापण्या-जीभ सुजणं, श्वासात घरघर, चक्कर येऊन कोसळणं, ही खरी आणि धोक्याची ॲलर्जी. चार-पाच दिवसांनी अंगावर बारीक लाल पुरळ येतं, ते वेगळं. ते बऱ्याचदा सौम्य असतं, विशेषतः मुलांमध्ये, आणि कधीकधी मूळ आजाराचंच असतं. एप्स्टाइन-बार नावाच्या विषाणूमुळे घसा सुजलेला असताना ॲमॉक्सिसिलिन दिलं तर पुष्कळांच्या अंगावर पुरळ उठतं आणि तीही कायमची ॲलर्जी धरत नाहीत. चौथा प्रकार दुर्मीळ पण भयंकर: कातडीवर फोड, कातडी सोलणं, तोंडात-डोळ्यांत-लघवीच्या जागी व्रण. असं एकदा झालेलं असेल तर त्या औषधाच्या वाटेला परत कधीही जायचं नाही, तपासणीसाठीसुद्धा नाही.

हे बारकावे का सांगतोय? स्वतःला पेनिसिलिनची ॲलर्जी आहे असं सांगणाऱ्यांची नीट तपासणी केली, तर दहातल्या नऊ जणांना ती निघत नाही. शिवाय खरी ॲलर्जीही काळाबरोबर ओसरते. दहा वर्षांत बहुतेकांची ती जाते. 'लहानपणी काहीतरी झालं होतं, आई सांगायची' एवढ्यावर आयुष्यभर पेनिसिलिन टाळलं की डॉक्टरला दुसरं औषध द्यावं लागतं, जे महाग असतं, जास्त जिवाणूंवर वार करतं आणि कधीकधी कमी गुणकारीही असतं. मोठ्या हॉस्पिटलात तज्ज्ञांच्या देखरेखीखाली याची तपासणी होऊ शकते. घरी 'बघू या अर्धी गोळी घेऊन' हा प्रयोग मात्र अजिबात करायचा नाही. आणि संशय असेल तर तोपर्यंत तो सांगायचाच, लपवायचा नाही.

पेनिसिलिनची खरी ॲलर्जी असेल तर सेफॅलेक्सिन, सेफॅड्रॉक्सिल अशा 'सेफ'ने सुरू होणाऱ्या औषधांआधीही डॉक्टरला आठवण द्या. बहुतेकांना त्यांचा त्रास होत नाही, पण या दोघांची घडण ॲम्पिसिलिन-ॲमॉक्सिसिलिनच्या जवळची आहे.

ॲलर्जीखेरीज आणखी चार गोष्टी सांगायच्या. किडनीचा त्रास आहे का, कारण पेनिसिलिन लघवीवाटे बाहेर पडतं आणि किडनी मंद असेल तर डोस कमी करावा लागतो. क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिडवाल्या गोळ्यांनी पूर्वी कधी कावीळ झाली होती का. दिवस गेलेत का किंवा अंगावर पाजता का. या काळात पेनिसिलिनं सहसा सुरक्षित मानतात, तरी सांगायचं. आणि चौथी, रोजच्या गोळ्या कुठल्या. सांधेदुखीसाठी आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट चालू असेल तर पेनिसिलिनमुळे ते अंगात साठून घातक ठरू शकतं. हृदयाची झडप बदलल्यावर रक्त पातळ करायला वॉरफरिन चालू असेल तर रक्ताची तपासणी लवकर करून घ्यावी लागते. युरिक ॲसिडसाठी ॲलोप्युरिनॉल घेणाऱ्यांना ॲमॉक्सिसिलिनने पुरळ येण्याची शक्यता वाढते. नावं पाठ करायची गरज नाही, चालू स्ट्रिपा पिशवीत घालून न्या.

ती एक चिठ्ठी

आधारकार्डाच्या आकाराचा जाड कागद घ्या. एका बाजूला नाव, वय, गाव, घरच्यांचा नंबर. दुसऱ्या बाजूला ॲलर्जी: औषधाचं मूळ नाव, कधी झालं ते साल, काय झालं ते एका ओळीत. हे इंग्रजीत लिहून घ्या, मराठीत नको. इथे मराठीचा अभिमान बाजूला ठेवायचा, कारण हा कागद हुबळीकडच्या नर्सच्या हातातही पडणार आहे आणि बांबोळीच्या डॉक्टरच्याही. लिहिता येत नसेल तर डॉक्टरला किंवा मेडिकलवाल्याला सांगा, दोन मिनिटांचं काम आहे. पाकिटात एक ठेवा, मोबाइलमध्ये त्याचा फोटो ठेवा. ॲलर्जी नसेल तरी 'आजवर ॲमॉक्सिसिलिन घेतलं, त्रास नाही' हीसुद्धा डॉक्टरच्या फार उपयोगाची माहिती असते.

बोलून सांगायची वेळ आली आणि समोरच्याला मराठी येत नसेल, तर एवढं कन्नड पुरे: 'ननगे पेनिसिलिन अलर्जी इदे', म्हणजे मला पेनिसिलिनची ॲलर्जी आहे. लेकराबद्दल सांगायचं तर 'नन्न मगुविगे'. गोळी कशी घ्यायची ते नर्स सांगेल तेव्हा 'ऊटक्के मुंचे' म्हणजे जेवणाआधी आणि 'ऊट आद मेले' म्हणजे जेवणानंतर. किती दिवस घ्यायची हे विचारायला 'एष्टु दिन तगोबेकु?' उच्चार चुकला तरी कुणी हसत नाही. इथली निम्मी बाजारपेठ अशाच मोडक्या दोन्ही भाषांवर चालते.

मेडिकलमध्ये

ज्या पाकिटावर उभी लाल रेघ असते ते औषध डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायचं नाही, असा नियम आहे. औषधांचा कायदा केंद्राचा, १९४० सालचा. त्यामुळे कर्नाटकात नाही दिलं म्हणून शिनोळीची हद्द ओलांडून महाराष्ट्रातून घेऊन येणं हा काही मार्ग नाही. तरी लोक येतात, आणि 'मागच्या वेळचंच द्या' म्हणतात. जो दुकानदार नाही म्हणतो त्याच्यावर रागावू नका.

घेताना मूळ नाव, ताकद आणि एक्स्पायरी चिठ्ठीशी ताडून बघा. ताकदीत एक गोम आहे. क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिडवाली ६२५ची गोळी म्हणजे ५०० मि.ग्रॅ. ॲमॉक्सिसिलिन अधिक १२५ क्लॅव्ह्युलॅनिक. ३७५ची म्हणजे २५० अधिक तेच १२५. त्यामुळे ६२५ मिळाली नाही म्हणून ३७५च्या दोन घेतल्या तर क्लॅव्ह्युलॅनिक दुप्पट पोटात जातं आणि जुलाब सुरू होतात. दुकानदाराने असा बदल सुचवला तर आधी डॉक्टरला फोन करायला सांगा.

बिल टाकून देऊ नका. त्यावर औषधाचं नाव आणि तारीख छापलेली असते, पुढच्या डॉक्टरला तोही एक पुरावा.

गोळी कधी, कशी

दिवसातून तीनदा लिहिलं असेल तर ते शक्य तितकं आठ-आठ तासांच्या अंतराने. ॲमॉक्सिसिलिन रक्तातून फार झपाट्याने उतरतं, तासाभरात निम्मं होतं. जिवाणू मारायला औषधाची पातळी बराच वेळ टिकून राहावी लागते. सकाळी दोन गोळ्या एकदम गिळल्या म्हणून दुपारची भरपाई होत नाही. शेतावर जाणाऱ्यांनी सकाळी सहा, दुपारी दोन, रात्री दहा असं बसवलं तर जमतं.

साधं ॲमॉक्सिसिलिन जेवणाआधी-नंतर कधीही चालतं. क्लॅव्ह्युलॅनिकवालं पहिल्या घासाबरोबर घ्या, पोटाला कमी लागतं. ॲम्पिसिलिन आणि क्लॉक्सासिलिन मात्र रिकाम्या पोटी, म्हणजे जेवणाच्या तासभर आधी किंवा दोन तासांनंतर. आणि भरपूर पाण्याबरोबर. गोळी गिळून लगेच आडवं व्हायचं नाही.

एखादी वेळ चुकली तर आठवल्याबरोबर घ्या. पुढची वेळ अगदी तोंडावर आली असेल तर चुकलेली सोडून द्या. दोन एकदम घेऊ नका.

पथ्याबद्दल फार विचारतात. ॲमॉक्सिसिलिनला दूध, दही, वांगं, मासे काहीही वर्ज्य नाही. कुंद्यासारखी मिठाई खाल्ली तरी चालते, साखरेचा आजार नसेल तर.

क्लॅव्ह्युलॅनिकवाल्या गोळ्यांचं वैर दमटपणाशी आहे. खानापूरच्या पावसाळ्यात भिंतींना ओल येते तिथे या गोळ्यांचं काय होत असेल याचा विचार करा. स्ट्रिपमधून आयत्या वेळीच काढायच्या. आठवड्याच्या डबीत सुट्या काढून ठेवायच्या नाहीत. देवळीत, चुलीजवळ, बाथरूममध्ये नकोत. कपाटात, मुलांचा हात पोहोचणार नाही अशा उंचीवर ठेवा.

लेकरांचं सिरप

सगळ्यांत जास्त गोंधळ इथे होतो, कारण बाटलीत नुसती पावडर असते.

हात धुवा. बाटली उलटी-सुलटी करून तळाला बसलेली पावडर मोकळी करा. पाणी उकळून पूर्ण गार केलेलं हवं. काही कंपन्या पाण्याची छोटी कुपी सोबत देतात, ती असेल तर तीच वापरा. लेबलवर किंवा बाटलीवर एक रेघ किंवा बाण असतो. आधी त्याच्या निम्म्यापर्यंत पाणी घालून झाकण लावून जोरात हलवा. मग रेघेपर्यंत घाला, पुन्हा हलवा. फेस बसू द्या. फेस बसल्यावर पातळी रेघेखाली गेलेली दिसेल, तेवढं पाणी परत घाला. पुष्कळजण इथेच चुकतात: फेसालाच औषध समजून थांबतात, आणि मग बाटलीतलं औषध हवं त्याहून घट्ट होतं. झाल्यावर बाटलीवर तारीख लिहा. लेबल वाचा, पण बहुतेक सिरपं फ्रिजमध्ये ठेवून सात दिवसच चालतात. फ्रीझरमध्ये नको. दर वेळी देण्याआधी हलवायचं, कारण औषध तळाला बसतं. सात दिवसांनी बाटलीत कितीही उरलेलं असो, पुढच्या आजारपणाला ते वापरायचं नाही.

वाडीवर फ्रिज नसेल, किंवा असून लाइट नसेल, तर हे डॉक्टरला आधीच सांगा. ॲमॉक्सिसिलिनच्या पाण्यात विरघळणाऱ्या गोळ्या मिळतात. चमचाभर पाण्यात एक टाकली की झालं, साठवणुकीची कटकट नाही. माझ्या मते खेड्यातल्या लेकरांना याच द्याव्यात, पण आयांना सिरपचा रंग आणि वास आवडतो, त्याला काय करणार.

मापाला घरातला चमचा वापरू नका. सोबत आलेली टोपी किंवा सुई नसलेली सिरिंज वापरा. आणि ताकद बघा: ५ मि.ली.त १२५ मि.ग्रॅ. असलेलं सिरप आणि ५ मि.ली.त २५० असलेलं, दोन्ही सारखीच दिसतात. थोरल्याची बाटली धाकट्याला 'तेवढंच' दिलं की डोस दुप्पट. मुलांचा डोस वजनावर ठरतो, म्हणून डॉक्टरकडे जाताना ताजं वजन माहीत असावं. अंगणवाडीत करून मिळतं. औषध दिल्यावर अर्ध्या तासाच्या आत सगळं ओकलं तर सहसा तोच डोस पुन्हा देतात. पुन्हापुन्हा ओकत असेल तर घरी झगडत बसू नका, दवाखाना गाठा.

सुई टोचून घेताना

पेनिसिलिनचं इंजेक्शन घरी, दुकानात, किंवा गावातल्या 'हाताला गुण आहे' अशा माणसाकडून घ्यायचं नाही. कारण एकच. रिॲक्शन आली तर पहिल्या काही मिनिटांत ॲड्रेनलिनचं इंजेक्शन द्यावं लागतं, आणि ते जिथे तयार नाही तिथे पेनिसिलिन टोचू नये. प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारायला लाजू नका: ॲड्रेनलिन आहे ना?

आपल्याकडे आधी कातडीत थोडं औषध टोचून टेस्ट करतात. टेस्टला काही आलं नाही म्हणजे शंभर टक्के निर्धास्त, असं समजू नका. टेस्ट नीट असूनही रिॲक्शन आलेली असते. म्हणून इंजेक्शननंतर निदान अर्धा तास तिथेच बाकावर बसायचं. बस चुकली तर दुसरी मिळेल.

बेन्झाथिन पेनिसिलिनबद्दल वेगळं सांगायला हवं. पाच ते पंधरा वर्षांच्या मुलांमध्ये स्ट्रेप्टोकॉकस नावाच्या जिवाणूने घसा बिघडला आणि उपचार झाला नाही, तर दोन-तीन आठवड्यांनी काहींना सांधेताप येतो: आज गुडघा सुजला, परवा घोटा. सांधे बरे होतात, हृदयाच्या झडपा मात्र कायमच्या खराब होऊ शकतात. पुन्हा तसा घसा झाला तर झडपांवर आणखी घाव. ते रोखायला दर तीन ते चार आठवड्यांनी बेन्झाथिनचं इंजेक्शन, वर्षानुवर्षं. मोठ्यांना बारा लाख युनिटचं. ते घट्ट असतं, कंबरेखाली खोल टोचतात, दोन दिवस ठणकतं. मुलगी वयात आली, कॉलेजला पुण्याला गेली, मुलगा गोव्यात कामाला लागला, की नेमकं याच टप्प्यावर ते सुटतं. डॉक्टरने दिलेलं कार्ड मुलाबरोबर पाठवा, आधीच्या डॉक्टरकडून पुढच्या गावच्या हॉस्पिटलसाठी चार ओळी लिहून घ्या, तारखा भिंतीवरच्या कॅलेंडरवर आणि मोबाइलमध्ये दोन्हीकडे टाका. सौंदत्तीची यात्रा असो की घरचं लग्न, तारीख दोन दिवस आधी घेतलेली चालते, पुढे ढकललेली चालत नाही. कधी थांबवायचं ते हृदयाच्या डॉक्टरनेच सांगायचं.

रिॲक्शन आली तर

औषधानंतर गांध्या, ओठ-जीभ-गळा सुजणं, आवाज बसणं, श्वासाला घरघर, पोटात जोराची कळ आणि उलटी, डोळ्यांपुढे अंधारी. यातली श्वासाची किंवा चक्करेची खूण दिसली की थांबून बघायचं नाही. असं फार क्वचित होतं, हजारो कोर्सांमागे एखाद्याला, पण झालं तर मिनिटं महत्त्वाची.

हॉस्पिटलातच असाल तर ओरडून नर्सला बोलवा. घरी असाल तर १०८ लावा. हद्दीजवळच्या गावांनी फोनवर पहिल्याच वाक्यात गाव, तालुका, जिल्हा आणि राज्य सांगायचं. एकाच नावाची गावं दोन्ही बाजूंना आहेत. 'पेनिसिलिनची रिॲक्शन, श्वास लागतोय' एवढं बोला. ॲम्ब्युलन्सला उशीर लागणार असेल तर मिळेल त्या गाडीने जवळच्या, ॲड्रेनलिन असलेल्या दवाखान्यात न्या. मोठं हॉस्पिटल पुढचं.

तोपर्यंत माणसाला सपाट झोपवून पाय उशीवर उंच करा. श्वास लागत असेल तर बसतं ठेवा. ओकारी येत असेल किंवा शुद्ध जात असेल तर डाव्या कुशीवर. उठवून चालवू नका, एकदम उभं केल्याने रक्तदाब कोसळून मृत्यू झालेले आहेत. पाणी, लिंबू, कांदा काही तोंडात घालू नका. एव्हिल किंवा सेट्रिझिनची गोळी देऊन 'बघू तासभर' म्हणू नका. त्या खाज कमी करतात, गळ्याची सूज नाही. बरं वाटलं तरी काही तास हॉस्पिटलातच राहायचं, कारण तीच लाट दुसऱ्यांदा येऊ शकते. आणि ज्या औषधाने झालं त्याची स्ट्रिप सोबत न्या, नंतर तिच्यावरचं नाव त्या ॲलर्जीच्या जाड कागदावर उतरवा.

नुसतं पुरळ असेल, बाकी काही नाही, तर पुढचा डोस थांबवून त्याच दिवशी डॉक्टरला दाखवा. पुरळाचा फोटो काढून ठेवा; डॉक्टरपुढे पोहोचेपर्यंत ते मावळतं आणि मग सांगून समजत नाही.

जुलाब आणि बाकीचं

थोडे पातळ शौच होणं नेहमीचं, ओआरएस प्या, दही-भात खा, कोर्स चालू ठेवा. पाण्यासारखे वारंवार जुलाब, रक्त, पोटात पीळ, ताप असं असेल तर दाखवा, औषध संपून काही आठवडे झालेले असले तरी. जुलाब थांबवायची गोळी आपल्या मनाने घेऊ नका. तोंडात पांढरे चट्टे किंवा बायकांना अंगावरून पांढरं आणि खाज हा बुरशीचा त्रास, साध्या औषधाने जातो. क्लॅव्ह्युलॅनिकवाल्या गोळ्यांनंतर डोळे पिवळे, लघवी गडद, अंगाला खाज असं महिन्याभरात कधीही दिसलं तर कावीळ उतरवणाऱ्याकडे न जाता डॉक्टरकडे जा आणि 'मागे हे औषध घेतलं होतं' हे सांगा.

किती दिवस

बरं वाटलं की गोळ्या बंद, हा आपला जुना शिरस्ता. अलेक्झांडर फ्लेमिंगला १९२८ साली लंडनमध्ये बुरशीतून पेनिसिलिन सापडलं. १९४५ साली नोबेल घेतानाच्या भाषणात त्यानेच बजावलं होतं की कमी डोस घेतला तर जिवाणू मरण्याऐवजी शिकून शहाणे होतील. तसंच झालं. गळू-फोडांतला स्टॅफिलोकॉकस काही वर्षांत साध्या पेनिसिलिनला दाद देईनासा झाला, म्हणून क्लॉक्सासिलिन काढावं लागलं. गंमत अशी की घशातला स्ट्रेप्टोकॉकस आजही साध्या, स्वस्त पेनिसिलिनने मरतो. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला तो याच औषधासाठी.

पण 'कोर्स' म्हणजे जितका लांब तितका चांगला, असंही नाही. स्ट्रेप्टोकॉकसच्या घशाला दहा दिवस देतात, साध्या न्यूमोनियाला बऱ्याचदा पाचच पुरतात. गरजेपेक्षा जास्त दिवस घेतल्यानेही पोटातले बाकीचे जिवाणू निर्ढावतात. म्हणून चिठ्ठीवर दिवस लिहून घ्या, तेवढेच घ्या. कमी करावेसे वाटले तर फोन करून विचारा. दोन-तीन दिवस नीट घेऊनही ताप हटत नसेल, गळू वाढत असेल, तर नुसतं वाट बघत बसायचं नाही, परत दाखवायचं. उरलेल्या गोळ्या शेजारणीच्या पोराला द्यायच्या नाहीत, गटारीत-संडासात टाकायच्या नाहीत. स्ट्रिपमधून काढून चहाच्या चोथ्यात मिसळा, पिशवीत बांधून कचऱ्यात टाका.

गोठ्यातलं पेनिसिलिन

हे कुणी विचारत नाही, पण इकडे घरटी म्हैस आहे. कासदाहाला जनावरांचा डॉक्टर पेनिसिलिन देतो, सडातून किंवा सुईने. त्यानंतर लेबलवर लिहिलेले दिवस ते दूध डेअरीला घालायचं नाही, घरातही वापरायचं नाही. त्यात औषध उतरतं. असल्या दुधाला विरजण लागत नाही हे जुन्या बायकांना पक्कं माहीत आहे, कारण दही करणारे जिवाणूही त्याने मरतात. उकळून ते जाईल यावर भरवसा ठेवू नका. ज्याला पेनिसिलिनची ॲलर्जी आहे त्याने जनावराच्या औषधाची कुपी हाताळू नये, सडात औषध दुसऱ्याने भरावं. आणि जनावराच्या कुपीतलं उरलेलं औषध माणसाच्या जखमेवर शिंपडायचं किंवा टोचायचं नाही, मग ती कुपी कितीही महाग पडलेली असो.